काजली डोंगरीवरची दुपार आणि नोंदवहीतला एक रकाना



नाताळ होऊन तीन दिवस झाले होते. २८ डिसेंबर, म्हणजे आपल्या पंचांगात निष्पाप बालकांचा सण. हेरोद राजाच्या भीतीपायी बेथलेहेममधली जी लेकरं मारली गेली, त्यांची आठवण आपण त्या दिवशी करतो. त्या लेकरांपैकी एकाचंही नाव मत्तयच्या शुभवर्तमानात नाही. दर वर्षी मी हे वाचते आणि पुढे जाते. गेल्या डिसेंबरात मात्र ते मनात अडकून राहिलं. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त मध्य प्रदेशात डहीला राहतो. डही हे धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, कुक्षीच्या पुढे असलेलं छोटं गाव. दक्षिणेला नर्मदा, आजूबाजूला भिल्ल-भिलाला समाजाचे फळे, शेतात कापूस, मका, तूर. धार म्हणजे पवारांचं संस्थान, त्यामुळे शहरात मराठी आडनावं अजून भेटतात. पण डहीला पोहोचेपर्यंत मराठी मागे पडलेली असते. नाताळाला आम्ही वसईहून सहाजण तिकडे गेलो होतो. तिघं आमच्या धर्मग्रामाच्या युवक गटातली पोरं. "ताई, समुद्र रोजच बघतो, एक दिवस डोंगर चढूया," म्हणून त्यांनी हट्ट धरला. भावाने सुचवलं, झाबुआच्या उत्तरेला, थांदला-मेघनगरच्या बाजूला काजली डोंगरी आहे. टेकडी लहानच, पण तिथे मँगेनीजची जुनी खाण आहे. एका दिवसात जाऊन येता येईल.

पहाटे साडेचारला निघालो. थंडी अशी की गाडीच्या काचा आतून पुसाव्या लागत होत्या. कुक्षी, बाग, जोबट करत झाबुआच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजाडलं. ताडाची झाडं, महुआ, पळस, कौलारू घरं, प्रत्येक घर आपापल्या शेतात सुटं. आमचा चालक डहीजवळच्याच एका फळ्यातला, पंचविशीचा भिलाला तरुण. फार बोलत नव्हता. वाटेत गाडी थांबवून त्याने आम्हाला दाल-पानिये खायला घातले. पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला मक्याचा जाड रोट. त्या थंडीत त्याची चव अजून आठवते.

टेकडी खरोखरच टेकडी होती. आमच्या तुंगारेश्वरासमोर ती काहीच नाही. काटेरी झुडपं, वाळलेलं गवत, मध्येच एखादी शेळी. चढायला अर्धा-पाऊण तास लागला असेल. पण पायाखालची जमीन बघावी तर काळी. आपल्याकडच्या शेतातली काळी माती असते तशी नव्हे; कोळशासारखी, चमक असलेली. एका पोराने दगड उचलला आणि त्याचा तळवा काळा झाला. मग सगळ्यांनीच उचलले. जणू कुणी काजळाची डबी उपडी केली होती. काजली हे नाव का पडलं असेल, हे कुणाला विचारायची गरज वाटली नाही.

खाणीच्या जुन्या, सोडून दिलेल्या भागात आम्ही काठाकाठाने फिरलो. खोल खड्डा, खोदलेल्या पायऱ्या पायऱ्यांच्या कडा, त्यांवर उगवलेल्या बाभळी, आणि बाजूला उपसून टाकलेल्या दगडमातीचे ढीग. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी इथे काम सुरू झालं. मँगेनीज हा धातू पोलादाला कणखरपणा देतो. रेल्वेचे रूळ, पूल, यंत्रं, सगळ्यांना तो लागतो. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या मँगेनीजला परदेशात मोठी मागणी होती.

ही टेकडी जगातल्या खनिजशास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे मी निघण्याआधी वाचून ठेवलं होतं आणि पोरांना मोठ्या ऐटीत सांगितलंही. सरकारी भूवैज्ञानिक लुईस ली फर्मोर यांनी १९०६ मध्ये इथल्या एका खनिजाचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं हॉलंडाइट. कारण त्या वेळी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख होते थॉमस हॉलंड. इथेच सापडलेल्या दुसऱ्या एका खनिजाचं नाव विंचाइट. ते हॉवर्ड विंच या गृहस्थांच्या नजरेस प्रथम पडलं म्हणून. आज जगात कुठेही ही खनिजं सापडली तरी त्यांना याच नावांनी ओळखतात.

एका मुलीने विचारलं, "ताई, मग खोदणाऱ्यांची नावं कुठे आहेत?"

मी म्हटलं, "ती कोण ठेवणार?" आणि आम्ही पुढे गेलो. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

वर एका सपाट जागी बसून आम्ही डबे उघडले. जेवणाआधी मी बायबल काढलं आणि ईयोबच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय वाचला. आपल्यापैकी ज्यांनी तो बरेच दिवस वाचला नसेल त्यांनी आज जरूर वाचावा. खाणकामाचं इतकं जिवंत वर्णन जुन्या करारात दुसरीकडे नाही. माणूस अंधाराला हद्द घालतो, वस्तीपासून दूर विवर खणतो, दोरांना लोंबकळत झुलतो, डोंगर मुळापासून उलथतो, मौल्यवान ते उजेडात आणतो. एवढं सगळं झाल्यावर ईयोब विचारतो की ज्ञान मात्र कुठे सापडेल? ते ना सोन्याने विकत मिळतं, ना खोल समुद्रात सापडतं. परमेश्वराचं भय हेच ज्ञान आणि दुष्टतेपासून दूर राहणं हीच समज, असं त्याचं उत्तर आहे.

मी त्यावर दहा मिनिटं बोलले. निसर्ग, माणसाचा लोभ, सृष्टीची जखम. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाचाही उल्लेख केला. खाणकंपन्या काम संपवून निघून जातात आणि मागे बेकारी, ओसाड गावं, उघडे खड्डे, फोडलेले डोंगर ठेवतात, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पोरांनी डोळे मिटून प्रार्थना केली. वारा गार होता, ऊन कोवळं होतं. मला फार बरं वाटलं. खरं सांगते, आपण छान चिंतन घेतलं याचंच जास्त बरं वाटलं.

आमचा चालक थोडा दूर दगडावर बसला होता. त्याला जेवायला बोलावलं. माझे काळे हात बघून तो हसला आणि म्हणाला, "दीदी, हा दगड बरा. हाताला लागतो, दिसतो. आमचे लोक जिथे जातात तिथला सफेद असतो. तो दिसत नाही, सरळ आत जातो."

मग त्याने सांगितलं. त्याचा मोठा भाऊ गोध्र्याकडे एका कारखान्यात कामाला गेला होता. दगड दळायचा कारखाना. एक मोसम गेला, दुसऱ्या वर्षी पुन्हा गेला. परत आला तो खोकत. गावच्या दवाखान्यात टीबीच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, खोकला राहिला. मग चालताना दम लागू लागला, मग बसल्या जागी. शेवटी तो रात्री बसूनच झोपायचा, कारण आडवं झालं की श्वास पुरत नसे. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी गेला. "कागद काहीच नव्हता," चालक म्हणाला. "ना पगाराची चिठ्ठी, ना कारखान्याचं कार्ड. मुकादम घेऊन गेला, मुकादमाने पैसे दिले. आम्ही कुणाला काय दाखवणार?"

मी नुकतीच ज्या खड्ड्याबद्दल हळहळत होते तो खड्डा तिथेच होता. त्यात कुणी मरत नव्हतं. खाण सोडून दिलेली होती. पण सोडून दिलेला माणूस माझ्या शेजारी बसून माझ्या डब्यातली चटणी खात होता.

बंधुभगिनींनो, हा आजार कोणता हे थोडक्यात सांगते, कारण आपल्यातल्या अनेकांना त्याचं नावही माहीत नसतं. त्याला सिलिकोसिस म्हणतात. गारगोटीचा पांढरा दगड म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. काच, चिनी माती, फरश्या यांसाठी तो पिठासारखा बारीक दळतात. जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकात, घशात अडते. जी दिसत नाही, इतकी बारीक असते, ती फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जाऊन बसते. शरीर तिला बाहेर काढू शकत नाही. तिच्याभोवती व्रण धरतात आणि फुप्फुस हळूहळू दगडासारखं होतं. काम सोडलं तरी आजार वाढत राहू शकतो. तो बरा करणारं औषध नाही. त्यातून क्षयरोगही लवकर जडतो, म्हणून पुष्कळदा फक्त टीबीच लिहिला जातो आणि खरं कारण कागदावर येतच नाही.

अलीराजपूर, झाबुआ आणि धार या तीन जिल्ह्यांतले आदिवासी दुष्काळाच्या वर्षांत गुजरातमध्ये गोध्रा आणि बालासिनोरच्या अशा कारखान्यांत गेले. दगड भरडायचा, पीठ पोत्यांत भरायचं. बायका गेल्या, पोरंही गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात २००६ मध्ये गेलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये मेलेल्या २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०१६ रोजी गुजरात सरकारला ती रक्कम देण्याचा आदेश दिला आणि जे आजारी अवस्थेत जिवंत आहेत त्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी मध्य प्रदेशावर टाकली. हे घडलं ते स्थानिक संघटनांनी गावोगाव फिरून नावं लिहून काढली म्हणून. नाव, वय, कुठे काम केलं, किती दिवस केलं, कधी मेला. ज्याचं नाव कुणी लिहिलं नाही, तो त्या २३८ मध्ये नाही.

परतीच्या रस्त्यावर मी ईयोबचा अध्याय विसरले. मनात उत्पत्तीचं दुसरं पान येत राहिलं. परमेश्वराने जमिनीच्या मातीपासून माणूस घडवला आणि त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला. राखेच्या बुधवारी आपण कपाळावर राख लावून घेतो, आपण माती आहोत हे मान्य करतो. पण देवाने मातीत श्वास घातला, हे त्या गोष्टीचं हृदय आहे. आणि इथे माणसांनी माणसाच्या श्वासात माती घातली. नेमकी उलट कृती. देवाने जिथून जीव आत सोडला त्याच वाटेने आपण मरण आत सोडलं. याला मी नुसतं गरिबीचं दुर्दैव म्हणू शकत नाही. माझ्या मते हे पाप आहे, आणि त्यात माझा वाटा आहे.

माझा वाटा कसा ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या देवळात नवी फरशी बसवली. मी त्या कामाच्या स्वयंसेवकांत होते. आठ दिवस फरशी कापायचं काम देवळाच्या बाजूच्या व्हरांड्यात चाललं होतं. कटरचा आवाज आणि पांढरा धुरळा. पाणी न सोडता सुकंच कापत होते, कारण पाण्याने चिखल होतो आणि काम लांबतं. मी स्वतः तक्रार केली. कशाची? धूळ वेदीवर येते याची. मग आम्ही धावपळ करून प्लास्टिक आणलं. वेदी झाकली, मरियामातेची मूर्ती झाकली, पेटी झाकली, माइक झाकले. कटर चालवणारा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. युवक गटातल्या कुणीतरी गमतीने म्हटलं, "हा बघा आमचा सांताक्लॉज." तो हसला, आम्हीही हसलो. मी त्याला चहा दिला. मूर्तीच्या नाकातोंडाला प्लास्टिक घातलं, पण त्याच्या तोंडाला बांधायला कापडाचा तुकडा द्यायचं माझ्या मनात आलं नाही. त्याचं नाव मला माहीत नाही. तो कुठल्या गावचा हेही मी विचारलं नाही. त्या फरशीवर मी दर रविवारी गुडघे टेकते.

तो पोरगा आज कसा आहे, मला माहीत नाही. म्हणूनच मी हा लेख लिहिते आहे.

आता माझं मत. आपली मंडळी दानधर्मात कमी पडत नाही. नाताळात ब्लँकेटं वाटतो, उपवासकाळात पैसे साठवतो, आजाऱ्यांना भेटतो, औषधांचा खर्च उचलतो. आपण फक्त एक प्रश्न विचारत नाही: हा माणूस काय काम करत होता?

बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक इटालियन वैद्य होऊन गेला. त्याच्या घरचा मैलखड्डा साफ करणारा माणूस घाईघाईने काम उरकत होता. का, म्हणून रामाझ्झिनीने विचारलं, तर कळलं की त्या कामाने या लोकांचे डोळे जातात. त्यानंतर तो कारागिरांच्या कामाच्या जागी जाऊ लागला. त्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने वैद्यांना सांगितलं की हिपोक्रेटिसने रोग्याला जे प्रश्न विचारायला शिकवलं, त्यांत आणखी एक घाला: तू कोणता धंदा करतोस? तीनशे वर्षं उलटून गेली, तरी आजही गर्दीच्या दवाखान्यात तो प्रश्न राहून जातो. डॉक्टरला वेळ नसतो. आपल्याला मात्र असतो. आजाऱ्याच्या घरी आपण अर्धा तास बसतो, जपमाळ म्हणतो, चहा घेतो.

आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी दुसऱ्या फार थोड्या लोकांकडे आहे: नोंदवही. आपल्या धर्मग्रामांत बाप्तिस्म्याची, विवाहाची, मृत्यूची नोंद पिढ्यान्‌पिढ्या ठेवली जाते. पणजोबांचं नाव शोधायला लोक आजही चर्चच्या कार्यालयात येतात. गरीब असो, श्रीमंत असो, प्रत्येकाला एक ओळ. लिहून ठेवणं हे आपलं जुनं व्रत आहे. मग त्याच सवयीतून एक वेगळी साधी वही का नको? आजारी आणि मृत माणसाच्या नावापुढे एक रकाना: कोणतं काम, कुठे, किती वर्षं, बरोबर कोण होतं. दगडखाण, फरशी कापणं, काच, वाळू, गटार, रसायनं, जे असेल ते. घरच्यांची परवानगी घेऊन, धर्मगुरूंच्या संमतीने, कुलपात ठेवलेली वही. जो जिवंत आहे त्याचा एक्स-रे जपून ठेवायला सांगायचं. टीबीची औषधं मुळीच न थांबवता, डॉक्टरला स्पष्ट सांगायला लावायचं की मी धुळीत काम केलं आहे. ते केसपेपरवर लिहून घ्यायचं. सिलिकोसिस हा कायद्यानुसार नोंद करणं बंधनकारक असलेला आजार आहे. पण कामाची माहितीच कुणी दिली नाही तर तो नोंदला कसा जाणार?

यावर आक्षेप येतील. काही मी आधीच ऐकले आहेत.

एक काका म्हणाले, "देवळाचं काम प्रार्थना करायचं. नुकसानभरपाई हा वकिलांचा विषय." मी त्यांना याकोबच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचायला दिला. शेत कापणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे, असं याकोब म्हणतो. जो आवाज देवाच्या कानी जातो, तो देवळाच्या कानी जायला नको का? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढलं, तेव्हापासून ही ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण आहे. आपण ती शिकवण धर्मशिक्षणाच्या पुस्तकात ठेवतो आणि फरशी सुकी कापू देतो.

दुसरा आक्षेप: "ते लोक स्वतःहून जातात. जबरदस्ती कोण करतं?" खरं आहे, मजुरीसाठी जातात. शेतात काही पिकलं नाही, मुलं उपाशी आहेत आणि मुकादम दारात आगाऊ पैसे घेऊन उभा आहे, तेव्हा माणूस जातोच. पण त्याला कुणी सांगितलेलं नसतं की या धुळीने मरशील. जी गोष्ट मालकाला माहीत आहे आणि मजुराला नाही, तिथे संमती कसली?

तिसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. भावानेच तो काढला. "ताई, इथे ख्रिस्ती माणूस वही घेऊन फळ्यांत फिरला तर लोक म्हणतील धर्मांतराला आला." हे खरं आहे आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. म्हणून माझं म्हणणं असं: बाहेरून जाऊन कुणी वही उघडू नये. जिथे आपण राहतो तिथेच सुरुवात करावी. दुसऱ्या गावात मदत करायचीच असेल तर जे लोक तिथे वर्षानुवर्षं हे काम करताहेत त्यांच्या हाताखाली करावी. आशाताई, पंचायत, सरकारी दवाखाना यांच्या बरोबर राहून करावी. आणि नोंद फक्त ख्रिस्ती माणसाची ठेवायची नाही. रस्त्याच्या कडेला अर्धमेला पडलेल्या माणसाला चांगल्या शोमरोन्याने धर्म विचारला नाही. त्याने जखमा बांधल्या आणि उताराघरवाल्याला पैसे दिले. त्या बदल्यात काही मागितलं नाही. आपल्याला याहून जास्त काही करायचं नाही, आणि याहून कमीही चालणार नाही.

हे फक्त मध्य प्रदेशातलं दुखणं आहे असं समजू नका. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात १९३० च्या सुमारास हॉक्स नेस्ट इथे डोंगरातून बोगदा खणताना सिलिकाची सुकी धूळ शेकडो मजुरांच्या छातीत गेली आणि ते मेले. त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय होते. अनेकांना नावाच्या पाटीविना पुरलं गेलं. आणि आपल्या वसईच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी दगडखाणी आहेत, क्रशर आहेत. विरारपासून मिरारोडपर्यंत रोज नवी इमारत उठते आहे आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी ग्रॅनाइट कापतो आहे. त्यांतले काही रविवारी आपल्याच देवळात शेवटच्या बाकावर बसतात. ओडिशा, झारखंडहून आलेली पोरं. मिस्सा संपली की आपण त्यांना ओलांडून पार्किंगमध्ये जातो.

तर निदान एवढं करूया. चर्च, शाळा, सभागृह, कॉन्व्हेंट किंवा आपलं घर, कुठेही फरशी किंवा दगडाचं काम निघालं तर ठेकेदाराशी बोलताना दोन अटी आधी घाला: कापताना पाणी सोडायचं आणि कामगाराला चांगला मास्क द्यायचा. रुमाल पुरत नाही. ती बारीक धूळ कापडातून जाते. काम दोन दिवस लांबेल, चार पैसे जास्त लागतील. ते आपण द्यावेत. वेदी झाकण्याआधी त्या पोराचं नाक झाकलं जावं.

काजली डोंगरीहून आम्ही रात्री नऊला डहीला परतलो. चालकाला निरोप देताना मी त्याच्या भावाचं नाव विचारलं. तो जरा गोंधळला. मग त्याने नाव सांगितलं, आणि न विचारता वहिनीचं आणि दोन मुलांचंही सांगितलं. मी ती चारही नावं माझ्या प्रार्थनेच्या वहीत लिहिली आहेत. इथे छापत नाही. ती त्यांच्या घरची आहेत. त्याखाली त्याने सांगितलं तेवढं लिहिलं: दगड दळायचं काम, गोध्र्याच्या बाजूला, दोन मोसम. या नोंदीने त्याला न्याय मिळेल की नाही, सांगता येत नाही. आता तिथल्या संघटनेच्या लोकांशी भावाने बोलणं सुरू केलं आहे.

टेकडीवर त्या मुलीने विचारलं होतं, खोदणाऱ्यांची नावं कुठे आहेत. मी तेव्हा दिलेलं उत्तर मागे घेते. देवाजवळ ती आहेत, हे आपण मानतो. इथे ती ठेवणं आपलं काम आहे.

प्रार्थना करूया.

हे जीवनदात्या परमेश्वरा, तू मातीत श्वास घातलास आणि आम्ही जिवंत झालो. ज्यांच्या श्वासात आम्ही धूळ घातली त्यांच्याबद्दल आम्हाला क्षमा कर. रात्री बसून झोपणाऱ्यांना विसावा दे. त्यांच्या बायकामुलांना आधार दे. आम्ही ज्या जमिनीवर गुडघे टेकतो ती कुणी कापली, कुणी बसवली, हे विचारायची बुद्धी आम्हाला दे, आणि विचारल्यावर मिळालेलं उत्तर लिहून ठेवायचं धैर्य दे. पुनरुत्थित होऊन शिष्यांवर श्वास फुंकणाऱ्या तुझ्या पुत्राच्या, आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने हे मागतो. आमेन.